पहिल्यांदा किनाऱ्याने जाणार असशील तर

साताऱ्याहून पहाटे निघ. उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलास की चिपळूण. तिथून मुंबई-गोवा हायवेला लागू नकोस, सरळ गुहागर गाठ आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेला चल.

सगळ्यात आधी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेव. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळीच बघावी. खडकाच्या चिरेत घुसलेलं पाणी उंच उसळतं. पण शेवाळलेल्या कातळावर पाय टाकू नकोस. आपण घाटावरची माणसं, कृष्णेच्या डोहात पोहलो म्हणून समुद्र कळतो असं नाही. पुढे तवसाळहून जयगडला फेरीबोटीत गाडी चढव, खाडीचा मोठा वळसा वाचतो.

मासे खायचे तर जून-जुलै टाळ, यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी फोन करून सांग. ऐनवेळी गेलास तर त्यांची तारांबळ उडते.

माझं ऐकशील तर शिमग्यात जा. ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघरी जाते, मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा टाकून येतात. पालखी नाचवताना मध्ये मोबाइल घेऊन घुसू नकोस. कडेला उभा राहा, फोटोसाठी आधी विचार. अंगणात बोलावलं तर चपला बाहेर काढून जा.

आणि हो, पेट्रोल चिपळुणातच भरून घे.