सेक्रेटरीच्या बायकोनं काय करावं?

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतोय. यजमान सेक्रेटरी. दोन वर्षं बिल्डरच्या प्रत्येक मसुद्यावर लाल पेन चालवणारे हे, दिवाळीनंतर रोज संध्याकाळी गायब. मला भलताच संशय आला. कपाट उपसलं तर बिल्डरच्या लेटरहेडवरची चिठ्ठी सापडली : सगळ्यांना 35 टक्के जादा कार्पेट एरिया (घरातली वापरायची जागा), आम्हाला त्यावर आणखी 120 फूट. हे म्हणतात, "एवढं फुकट राबलो, त्याचं मानधन समज." फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारतात, "सेक्रेटरी म्हणतील तिथं सही करू ना गं?" काय सांगू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, दुसरी बाई निघाली असती तर निदान नुकसान तुमच्या घरापुरतं राहिलं असतं! (हे जरा तिखट झालं, पण राहू दे.)

120 फूट बिल्डर खिशातून देत नाही. त्या बदल्यात मसुद्यातून काय गळालं, ते आधी बघा. दिवाळीपूर्वीचा आणि आताचा मसुदा शेजारी ठेवा. माझा अंदाज बँक गॅरंटीवर आहे, म्हणजे बिल्डरनं काम सोडलं तर सोसायटीला पैसे देण्याची बँकेची हमी. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात ती प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के सांगितली आहे आणि बिल्डरांना तीच सर्वांत जास्त टोचते. ती नसेल आणि काम अर्धवट थांबलं, तर बिल्डरकडून मिळणारं पर्यायी घराचं भाडं बंद आणि तुमचे 120 फूटही हवेत. गोरेगावच्या पत्राचाळीच्या पुनर्विकासात 672 कुटुंबं होती. करार 2008 चा. घरं रिकामी झाली, पुढे भाडंही थांबलं आणि लोक वर्षानुवर्षं उपऱ्यासारखे राहिले.

फ्लॅट दोघांचा, म्हणजे करारावर तुमचीही सही लागणार. तुमची खरी ताकद तीच. यजमानांना सांगा : सर्वसाधारण सभेआधी चिठ्ठी कमिटीपुढे ठेवा, नाहीतर सेक्रेटरीपद सोडा, तोवर मी सही करणार नाही. मानधनच हवं असेल तर ते सभेत उघड मागावं. राबलेल्या माणसाला चार पैसे द्यायला लोक नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

काकूंना जिन्यात चिठ्ठीचं सांगू नका, संध्याकाळपर्यंत 120 चे 500 फूट होतील. एवढंच म्हणा, "बँक गॅरंटीचं कलम दाखवल्याशिवाय सही करू नका." यजमान सभेपर्यंत गप्पच राहिले, तर मात्र चिठ्ठी तुम्हीच वाचा. विकासक निवडीच्या सभेचं चित्रीकरण होतं, निबंधकांचा प्रतिनिधीही हजर असतो. घरात आठवडाभर अबोला होईल, त्याची तयारी ठेवा.