शेल स्क्रिप्टमधून स्टार्टएक्स चालवलं की स्क्रीन काळी होऊन लगेच परत येते. सुडो लावू का?

सुडो (कमांड रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने चालवणं) लावू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी ऐका.

तुम्ही लिहिलंय की डेबियन या लिनक्सवर स्क्रिप्ट हाताने चालवली तर स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा टर्मिनल येतं. क्रॉनमध्ये (कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) रीबूटला टाकली तर फक्त कन्सोलवरच्या, म्हणजे मशीनसमोर बसलेल्या, वापरकर्त्यालाच परवानगी आहे असं सांगून नकार मिळतो. आणि मित्र म्हणतो, सुडो लाव. या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि मित्राने सांगितलेलं औषध दोन्हींवरचं नाही. (कमांडची नावं इथं मराठीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग.)

पहिली अडचण साधी आहे. स्टार्टएक्स, म्हणजे चित्रमय स्क्रीन सुरू करणारी कमांड, ही स्वतःच एक शेल स्क्रिप्ट आहे, ती आतून एक्सइनिटला बोलावते. एक्सइनिट आधी सर्व्हर (पडद्यावर चित्र काढणारा एक्स नावाचा प्रोग्राम) उभा करतो, मग तुमची डॉट-एक्सइनिटआरसी (त्या स्क्रीनवर काय चालवायचं ते लिहिलेली स्क्रिप्ट) चालवतो आणि ती संपायची वाट बघत बसतो. ती संपली की सर्व्हर बंद. तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी & टाकलाय, म्हणजे कुठल्याच प्रोग्रामसाठी न थांबता स्क्रिप्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत शेवटाला पोचते. यजमान उठून गेला की मांडववाला कनाती सोडायला लागतो, आत पंगत बसलेली असली तरी. शेवटच्या ओळीचा & काढा, ओळीच्या सुरुवातीला एक्झेक (स्क्रिप्टच्या जागी थेट तोच प्रोग्राम चालवणारा शब्द) लावा, आणि त्या ओळीत विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) किंवा जो प्रोग्राम सतत चालू राहायला हवा तो ठेवा. झालं.

दुसऱ्या अडचणीवर मात्र मला बोलायचंच आहे, कारण हा सुडोचा सल्ला मी आमच्या घरातच ऐकत आलोय.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक टेरी टॉवेलचा कारखाना आहे. तिथं लूमशेडच्या भिंतीवर टीव्ही लावून कुठल्या मागावर कुठली ऑर्डर, किती माल निघाला हे दाखवायचं काम मी करून दिलं होतं. मशीन म्हणजे ऑफिसातून काढून टाकलेली जुनी पेटी, त्यावर डेबियन, आणि पूर्ण स्क्रीनभर एकच ब्राउझर. शेठची अट एकच होती. लाइट गेली आणि आली, की कुणी हात न लावता टीव्ही चालू झाला पाहिजे. रात्रपाळीच्या जॉबरने माग बघायचे की कीबोर्ड शोधत बसायचं? आणि सोलापुरात उन्हाळ्यात लाइट का जाते हे सोलापूरकराला सांगायला नको.

मी काय केलं, तर बायोसमध्ये वीज परत आली की मशीन आपोआप चालू व्हावी ही सेटिंग लावली. टीटीवाय१ (मशीनचा पहिला कन्सोल) च्या गेट्टीला, म्हणजे तिथं लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रामला, ऑटोलॉगिन दिलं, तेही रूटला नाही, त्या कामापुरत्या बनवलेल्या साध्या वापरकर्त्याला. आणि त्याच्या डॉट-प्रोफाइलच्या (लॉगिन झालं की चालणाऱ्या फाइलच्या) शेवटी एक अट लिहिली: डिस्प्ले व्हेरिएबल रिकामं असेल (म्हणजे चित्रमय स्क्रीन आधीच चालू नसेल) आणि आपण टीटीवाय१ वर असू, तरच एक्झेक स्टार्टएक्स. एवढ्यावर तो टीव्ही लाइट गेल्या-आल्यावर निमूट उभा राहायचा. क्रॉन नाही, आरसी-लोकल (मशीन चालू होताना चालणारी स्क्रिप्ट) नाही.

मग आमचे साडू आले. वयाने मोठे, हार्डवेअरच्या धंद्यात जुने, माणूस प्रेमळ. पण कुठलंही लिनक्स समोर आलं की हात आधी सुडोकडे जातो. मी गावाला गेलो असताना शेठनी त्यांना टीव्हीवर सुताचे भाव दाखवायला सांगितलं. त्यांनी एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून) आत जाऊन स्टार्टएक्स मारलं. तुम्हाला मिळाला तोच नकार मिळाला, कारण डेबियनच्या एक्सरॅपर कॉन्फिगमध्ये (सर्व्हर कुणी उभा करायचा ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) परवानगी कन्सोलपुरतीच असते, आणि दुरून आलेला माणूस किंवा क्रॉन कन्सोलवर बसलेला नसतो. साडूंनी सुडो लावलं. चालू सेशनच्या जोडीला दुसरं सेशन टीव्हीवर आलं. शेठ खूश. "पाव्हणं, रूट असलं की सगळं चालतं बघा," असं साडूंनी मला फोनवर सांगितलं.

त्यानंतर लाइट गेली, आली, आणि टीव्ही लुकलुकत राहिला. सुडोने चालवताना होम फोल्डर त्या साध्या वापरकर्त्याचंच राहिलं होतं, त्यामुळे तिथली डॉट-एक्सऑथोरिटी (सर्व्हरला जोडायची किल्ली असलेली) फाइल रूटच्या मालकीची होऊन बसली. सर्व्हर उभा राहायचा, पण ब्राउझरला ती फाइल वाचता येत नसल्याने तो सर्व्हरला जोडलाच जायचा नाही. मग सगळं बंद, पुन्हा ऑटोलॉगिन, पुन्हा तेच. आणि साडू शेठसमोर काय म्हणाले? "लिनक्स कारखान्यात टिकत नाही."

मी परत आल्यावर एलएस-एल (फाइलींचे मालक दाखवणारी कमांड) मारलं, मालकाच्या रकान्यात रूट दिसलं, फाइल उडवली, टीव्ही चालू. फाइल रूटची असली तरी फोल्डर आपलं असतं, म्हणून सुडोशिवाय साध्या आरएमनेही (फाइल उडवायच्या कमांडनेही) जाते. शेठना हे दाखवलं, पण "टिकत नाही" हे वाक्य आधीच कारखानाभर झालं होतं. दर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत आम्ही सगळे जमतो तेव्हा साडू अजून ते ऐकवतात. टिकत होतं हो. तुम्ही हात लावेपर्यंत टिकत होतं.

तुमचा मित्र पुढची पायरी म्हणून एक्सरॅपरमध्ये एनीबडी (कुणालाही परवानगी) लिहायला सांगेल. लिहाल तर चालेलही कदाचित, पण ज्याला कुणाला त्या मशीनवर खातं आहे त्याला समोरच्या स्क्रीनवर सर्व्हर उभा करायची मोकळीक द्याल. टीव्हीसाठी एवढं दार उघडायची गरज नाही. वर सांगितलेला टीटीवाय१ चा रस्ताच धरा.

आता राहिलेल्या गोष्टी. डॉट-बॅश-प्रोफाइल तुमच्याकडे असेल तर अट तिथं लिहा, कारण ती असली की बॅश (कमांड चालवणारा शेल) डॉट-प्रोफाइल वाचतच नाही. डॉट-एक्सइनिटआरसीमध्ये एक्ससेट कमांडने स्क्रीनसेव्हर आणि डीपीएमएस (पडद्याची वीज वाचवणारी सोय) दोन्ही बंद करा, नाहीतर मूळ सेटिंगप्रमाणे 10 मिनिटांत पडदा काळा होतो आणि लोक लाइट गेली म्हणून फोन करतात. काही अडकलंच तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने दुसऱ्या टीटीवायवर जाता येतं, तिथं ऑटोलॉगिन देऊ नका. लाइटडीएम या चित्रमय लॉगिनच्या प्रोग्रामच्या ऑटोलॉगिननेही हे सगळं होतं, मला एका खिडकीसाठी तो पसारा नको वाटतो एवढंच. ज्या सुडोत रूटचं स्वतःचं होम लागतं तिथं मालकीचा घोळ होणार नाही, पण ब्राउझर रूट म्हणून चालवणं तेव्हाही वाईटच. आणि वेलँडचं (एक्सऐवजीच्या नव्या पद्धतीचं) सेशन हवं असेल तर स्टार्टएक्स विसरा. तिथं एकाच प्रोग्रामसाठी केज नावाचा छोटा कंपोझिटर (खिडक्या पडद्यावर आणणारा प्रोग्राम) आहे, टीटीवाय१ ची अट तीच ठेवून त्याला बोलावता येतं.

एवढं करूनही काळीच राहिली, तर एक्सऑर्गच्या (त्याच एक्स सर्व्हरच्या) लॉगमध्ये कंसात दोन ई असलेल्या, म्हणजे चुकांच्या, ओळी असतील, त्या खाली टाका. साध्या वापरकर्त्याने चालवलं असेल तर तो लॉग बहुधा होममधल्या डॉट-लोकलच्या आत, शेअरमधल्या एक्सऑर्ग फोल्डरमध्ये मिळेल, व्हार-लॉगमध्ये शोधत बसू नका.