जुन्या डेस्कटॉपवरून नव्या लॅपटॉपवर फायली इतक्या हळू का जातात? जुनं मशिन विकून टाकावं का?

विकू नका. निदान फायली हळू जातात म्हणून तर मुळीच विकू नका.

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप विंडोज 7चा, 2010च्या आसपास घेतलेला. लॅपटॉप नवा, विंडोज 11चा. दोन्ही वायरने राउटरला जोडलेत. मोठा व्हिडिओ पाठवताना वेग सेकंदाला 11 एमबीला जाऊन थांबतो, फोटोंचं फोल्डर घेतलं की दोन-तीनवर येतो. आणि मुलगा म्हणतो, मशिनच जुनं झालंय, भंगारात द्या. या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले.

तुमच्या 11 या आकड्यातच निम्मं निदान आहे. नेटवर्कचा वेग बिटांत मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून 100 मेगाबिटला आठानं भागलं की साडेबारा मेगाबाइट होतात, त्यातून नेटवर्कचा स्वतःचा खर्च वजा केला की हातात अकरा-साडेअकरा पडतात. म्हणजे वाटेत कुठेतरी एक दुवा 100चा आहे आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनं चाललाय. डिस्क थकलेली असती तर वेग वरखाली झाला असता, एका आकड्यावर असा खिळून राहिला नसता. पहिला संशय राउटरवर घ्या. इंटरनेटच्या कनेक्शनबरोबर मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त राउटरांचे लॅन पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, अजूनही 100चेच असतात. दुसरा संशय केबलवर. 100च्या वेगाला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला, म्हणजे 1000च्या वेगाला, आठही लागतात. न लागणाऱ्या चारांतली एखादी तुटली तरी इंटरनेट चालतं, फायली जातात, कुणाला पत्ता लागत नाही. तिसरा संशय डेस्कटॉपच्या पोर्टवर, कारण त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर गिगाबिट आलेलं होतं, पण स्वस्तातल्या बोर्डांवर 100चाच पोर्ट असायचा. दोन्हीकडे नेटवर्क कनेक्शनचं स्टेटस उघडा, तिथे 1.0 जीबीपीएस आहे की 100 एमबीपीएस ते स्वच्छ लिहिलेलं असतं. मग एक चांगली कॅट 5ई केबल घेऊन दोन्ही मशिनं थेट एकमेकांना जोडा. वेग वाढला तर दोष राउटरचा किंवा जुन्या केबलचा. एवढं केल्याशिवाय कुणी ‘मशिन जुनं झालं’ म्हणत असेल तर ते निदान नव्हे.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण हाच वाद माझ्या घरात झालाय.

मी सांगलीला घरीच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं. माझं एक मशिन विंडोज एक्सपीचं आहे आणि ते मी हौस म्हणून ठेवलेलं नाही. जुनी सगळी कामं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये लावलेली आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, आली 2001मध्ये. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलायला गेलं की जोडाक्षरं आणि रफार यांची वाट लागते, पुन्हा प्रूफ वाचावं लागतं. जी संस्था दरवर्षी मागच्याच स्मरणिकेत चार नावं बदलून मागते, तिच्यासाठी सगळं नव्यानं लावायचं आणि पैसे मात्र चार नावं बदलल्याचे घ्यायचे, हे परवडत नाही. शिवाय सॉफ्टवेअरचं लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतं आणि तो पोर्ट नव्या मशिनला नाहीच. तेव्हा मजकूर जुन्या मशिनवर लावायचा, आणि पीडीएफ, रंगीत मुखपृष्ठ, ईमेल हे नव्यावर, अशी वाटणी.

नवं मशिन आलं त्याच सुमाराला घरात एक गिगाबिट स्विचही (मशिनं एकमेकांना जोडणारी पेटी) आला आणि तेव्हापासून रडगाणं सुरू झालं. जुन्यावरून स्कॅन केलेल्या टिफ फायली नव्यावर न्यायच्या म्हटलं की वेग काहीशे केबी. नव्यावरून जुन्यावर मात्र त्यातल्या त्यात बरा. पिंग केलं (समोरचं मशिन उत्तर देतं का ते पाहिलं) तर उत्तर झटकन येतं, इंटरनेटही दोन्हीकडे नीट.

माझे धाकटे दीर पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. गणपतीला आले होते, तेव्हा त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि सांगून टाकलं, “वहिनी, एक्सपी आणि नवं विंडोज एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. हा डबा फेका आता.” मिस्टरांनीही लगेच मान डोलावली. ऐन सीझनच्या तोंडावर! मी विचारलं, बोलू शकत नाहीत तर फाइल मुळात जाते कशी? त्यावर उत्तर मिळालं नाही. ‘तुम्हाला त्यातलं कळायचं नाही’ अशा अर्थाचं हसणं मात्र मिळालं. ते मला आजही आठवतं.

मग मी एकेक गोष्ट वेगळी काढत गेले. आधी डिस्क. एक्सपीत एक जुना त्रास आहे, तो माहीत असलेला बरा: आयडीई या जुन्या पद्धतीच्या डिस्ककडून वाचताना चुका होत राहिल्या की विंडोज तिचा मोड टप्प्याटप्प्यानं खाली आणतं, शेवटी डीएमए हा वेगवान मोड सोडून पीआयओ या संथ मोडवर जातं आणि तिथेच बसतं. मग डिस्क धडधाकट असली तरी सगळं मशिन रांगतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेलच्या प्रॉपर्टीत हे दिसतं. माझ्याकडे डीएमए शाबूत होता. एक मोठी फाइल त्याच मशिनवर एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर टाकली, ती भराभर गेली. डिस्क सुटली. मग स्विचची तीच केबल, त्याच पोर्टवरून, शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपला लावली. फाइल नीट गेली. केबल आणि स्विचही सुटले. उरलं जुन्या मशिनचं लॅन कार्ड आणि त्याची सेटिंग.

कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स अशी ओळ असते. फुल डुप्लेक्स म्हणजे एकाच वेळी पाठवायचं आणि घ्यायचंही, हाफ म्हणजे एका वेळी एकच. तिथे ‘ऑटो’ऐवजी ‘100 एमबीपीएस फुल डुप्लेक्स’ पक्कं केलेलं होतं. ते कुणी केलं हेही मला आठवलं. पूर्वी माझी दोन्ही मशिनं जुनी होती आणि क्रॉसओव्हर केबलनं थेट जोडलेली होती. तेव्हा दुकानातून आलेल्या माणसानं दोन्हीकडे हे असं पक्कं करून दिलं होतं. दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे काही बिघडलं नाही. पण नवा स्विच ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाट करून, चालणारा. समोरचं कार्ड वाटाघाटच करत नाही म्हटल्यावर त्याला वेग ओळखता येतो, पण समोरचा फुल डुप्लेक्स आहे हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी हाफ डुप्लेक्स धरून चालायचं, असा नियमच आहे. म्हणजे एकेरी पुलावर एक बाजू समोरची गाडी येऊन जाईपर्यंत थांबते आणि दुसरी बाजू पूल दुपदरी आहे असं समजून गाड्या सोडत राहते. फाइल जात असताना पोच उलट दिशेनं येत असते, ती डेटावर आदळते, पुन्हा पाठवावी लागते. पिंगची पाकिटं एकेकटी आणि छोटी, म्हणून ती सुखरूप जातात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

‘ऑटो’ केलं. त्याच क्षणी वेग अकराच्या आसपास गेला. कार्ड 100चं होतं, त्याच्याकडून याहून जास्त मागण्यात अर्थ नव्हता. पुढे एक साधं पीसीआय गिगाबिट कार्ड बसवलं, तर तीसच्या वर मिळतो. त्यापुढे पीसीआय बस (कार्ड आणि मशिन यांच्यातला जुना रस्ता) आणि जुनी डिस्क दोन्ही आड येतात, हे मान्य. पण तीसच्या वर म्हणजे काय, तर दिवाळी अंकाचं सगळं साहित्य चहा होईपर्यंत पलीकडे पोचतं.

दिरांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, “बरं, पण मशिन जुनंच ना?” जुनं आहेच. प्रश्न जुन्याचा नव्हताच, प्रश्न एका चुकीच्या सेटिंगचा होता आणि तिच्यापायी माझं चालतं काम बंद पडणार होतं. नवं मशिन घेतलं असतं तर ऑटोवर आलं असतं, वेग वाढला असता आणि “बघा, सांगत होतो ना” हे मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. घरातल्या तरुण मंडळींना हेच सांगणं आहे, तुमच्या मुलालाही वाचून दाखवा: मोजा, एकेक वस्तू बाजूला काढा, मग निकाल द्या. आणि आईचं किंवा वहिनीचं मशिन असेल तर आधी तिला विचारा की ती त्यावर काय करते.

फोटोंचं राहिलंच. तिथे वेग आणखी पडतो तो हजारो छोट्या फायलींमुळे. प्रत्येक फाइल उघडायची, तिची नोंद करायची, बंद करायची, वर अँटिव्हायरस ती तपासणार. आधी सगळं फोल्डर कॉम्प्रेस न करता एका झिप फायलीत बांधा आणि ती एकच फाइल पाठवा. पेनड्राइव्हनं न्यायचं असेल तर दोन गोष्टी. तुमच्या डेस्कटॉपचे यूएसबी पोर्ट बहुधा 2.0चे असतील, ते फार तर तीस-पस्तीस एमबी देतील. आणि पेनड्राइव्ह फॅट 32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे झिपही तुकड्यांत करावी लागेल. एकदाच सगळं हलवायचं असेल तर मी नेटवर्कच्या नादाला लागणार नाही. डेस्कटॉपची साटा डिस्क काढायची, यूएसबी 3.0च्या डॉकमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या पेटीत) घालायची आणि थेट लॅपटॉपला लावायची.

आता सावधगिरीचं. विंडोज 7ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट जानेवारी 2020पासून मिळत नाहीत, एक्सपीला एप्रिल 2014पासून. जुनं मशिन वापरा, पण त्यावरून बँक, ईमेल, काही नको. जमलं तर इंटरनेटच तोडा. माझ्या एक्सपीचं इंटरनेट आता बंद आहे. कुणी नव्या विंडोजवर एसएमबी 1 ही फायली शेअर करायची जुनी पद्धत चालू करायला सांगेल, ते करू नका. मे 2017मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो त्याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून, आणि त्या वर्षाअखेरीपासून नव्यानं बसवलेल्या विंडोज 10मध्ये ती मुळात बंदच येऊ लागली. तुम्हाला तिची गरजही नाही, विंडोज 7ला एसएमबी 2 येतं. एक्सपीवाल्यांना मात्र येत नाही. मी नव्या मशिनवर एफटीपी या दुसऱ्या पद्धतीनं फायली घेणारा सर्व्हर लावलाय आणि जुन्यावरून तिकडे फायली ढकलते.

आणि हेही खरं की डिस्क खरोखर मरतात. कॉपी मध्येच अडकत असेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वर लिहिलेले प्रयोग करत बसू नका, आधी फोटो बाहेर काढा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तरी तेच.

राउटर बदलायचा का, हे तुम्ही थेट केबल लावून पाहिल्यावर ठरवा. कदाचित एक साधा गिगाबिट स्विच मध्ये घातला तरी भागेल. आणि एवढं सगळं करून मशिन नकोच असं तुमचंच मत झालं, मुलाचं नव्हे, तर खुशाल विका. फक्त डिस्क काढून घरी ठेवा. नुसतं क्विक फॉरमॅट मारून दिलेल्या डिस्कवरून घरचे फोटो पुन्हा काढता येतात, आणि ते काढायला फार हुशारी लागत नाही.