येशू ख्रिस्त परत कधी येणार, याची तारीख बायबलमध्ये दिली आहे का?

नाही. उलट मत्तय 24:36 मध्ये येशू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

तरी माणसांनी हिशेब मांडलेच. अमेरिकेतला शेतकरी आणि बॅप्टिस्ट प्रचारक विल्यम मिलर याने बायबलमधल्या दानीएल 8:14 मध्ये पवित्रस्थान शुद्ध होण्याआधीचे जे 2300 दिवस सांगितले आहेत, ते 2300 वर्षे असे धरले, आणि ते शुद्ध होणं म्हणजे येशूचं परत येणं असं मानलं. इ.स.पू. 457 पासून (त्याच्या मते यरुशलेम पुन्हा उभारण्याचा हुकूम निघाला ते वर्ष) मोजत त्याने 1843-44 हा काळ काढला. पुढे त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली. काहींनी शेतातली पिकं कापलीच नाहीत. रात्रभर वाट पाहिली, आणि नेहमीसारखंच उजाडलं. त्या लोकांचं रडणं वाचताना मला आजही गलबलून येतं. खोटी होती ती तारीख, त्यांची ओढ नव्हे.

त्यांच्यातूनच पुढे 1863 मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं (पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच). पुनरागमनावर त्यांची श्रद्धा कायम आहे, पण तारीख ते सांगत नाहीत.

म्हणून व्हॉट्सॲपवर कुणी तारीख पाठवली, तर तो मत्तयाचा अध्याय उघडून त्याला दाखवा. तिथे आज्ञा एकच आहे: जागे राहा.