ब्रश कटर, वीडर, फवारणी पंपांची इंजिनं रिपेर करायचं काम शिकलं तर कोल्हापुरात पोट भरेल का?

तुझा प्रश्न वाचला भावा. आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालंय, घरचे म्हणतायत शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला कंपनीत लाग, आणि तुझं मन या छोट्या इंजिनांत आहे. पोट भरतं, नक्की भरतं. मी तेरा वर्षं हेच करतोय, हाताखाली दोन पोरं आहेत आणि जून ते सप्टेंबर दुपारचं जेवायला घरी जायला सवड मिळत नाही.

काम येतं ते शेतात माणूस मिळत नाही म्हणून. बांधाचं गवत काढायला ब्रश कटर, उसाच्या सरीतलं तण काढायला वीडर, औषध मारायला पंप. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडं पाऊस असा की आठ दिवस मशीन बंद राहिलं तर गवत कमरेला लागतं, मग माणूस सकाळी सातलाच दारात उभा असतो. भाताच्या वेळी त्याच ब्रश कटरला गोल पातं लावून कापणी करतात. वळवाच्या वाऱ्यात झाडं पडली की चेनसॉ येतात, गणपती आणि लग्नसराईत जनरेटर. फेब्रुवारी-मार्च जरा थंड जातात, त्याची सोय आधी करून ठेवायची.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. पाना हातात घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायला शिक. पेट्रोल कधी भरलं, तेल किती घातलं, कोणत्या डब्यातनं आणलं, बंद पडलं तेव्हा एकदम पडलं का गुरगुरत पडलं. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक मशीनचं दुखणं पेट्रोलपासनंच सुरू झालेलं असतं.

दोन वर्षांमागं पन्हाळ्याच्या बाजूचे एक मामा पोत्यात गुंडाळून ब्रश कटर घेऊन एसटीनं आले. म्हणाले, "दोरी वडली की लई हलकी येतीया, पयल्यागत जोर न्हाई." मशीन घेऊन दोन महिने झालेले. अशा वेळी इंजिन खोलायची गरजच नसते, सायलेन्सरचे दोन बोल्ट काढायचे आणि धूर जायच्या भोकातनं बॅटरी मारून पिस्टन बघायचा. चांगला पिस्टन गुळगुळीत चकचकीत दिसतो. मामांच्या पिस्टनवर नांगरल्यासारखे उभे ओरखडे होते, रिंग चिकटून बसलेली, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं. विचारलं, मामा पेट्रोलात तेल किती टाकता? "पेट्रोल घालतोय की. तेलाचं कुणी सांगितलंच न्हाई मला." ज्यानं विकलं त्यानं पैसे मोजून घेतले आणि टू स्ट्रोक म्हणजे काय हे एका वाक्यात सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो. टू स्ट्रोकला खाली तेलाची वेगळी टाकी नसते रे, पेट्रोलात मिसळलेलं तेलच पिस्टनला, बेअरिंगला पोचतं, ते नसलं की ॲल्युमिनियम तापून सिलिंडरला घासतं. ५०:१ म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, लिटरला २० मिली, ४०:१ ला २५, २५:१ ला ४०. कंपनीनं जे सांगितलंय तेच घालायचं, आणि तेलही टू स्ट्रोकचंच. पिस्टन-सिलिंडरचा सेट बदलून दिला आणि लिटरच्या बाटलीवर मार्करनं रेघ मारून दिली, तेल इथपर्यंत, वर पेट्रोल. मामा अजून तीच बाटली घेऊन येतात.

आता याच्या उलटंही होतं. फोर स्ट्रोकच्या वीडरला खाली ऑइल वेगळं असतं, तरी लोक पेट्रोलात तेल मिसळतात आणि खालचं ऑइल वर्षभर बघत नाहीत. नव्या मशीनचं पहिलं ऑइल बहुतेक वेळा २० तासांनी आणि पुढं कंपनीनं सांगितलेल्या तासांनी बदलायचं असतं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून मी टाकीवर पेंटनं तारीखच लिहून देतो.

पेट्रोलचं आणखी एक. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच कारखान्यांत तयार होतं, ऊसवाल्यांना त्याचा फायदा आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मिसळून ठेवलेलं पेट्रोल चार महिने टाकीत राहिलं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, तेल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि मशीन ओढतं खालनं, म्हणजे पिस्टनला तेलच पोचत नाही. वर जुन्या कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, कडक होतो, रबरी नळ्या फुगतात. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, एवढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांग. त्यानं तुझं कार्बोरेटर साफ करायचं काम थोडं कमी होईल, होऊ दे, तोच माणूस दुसऱ्या चौघांना तुझ्याकडं पाठवतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ, करवीरकडनं पाण्यातनं काढलेली इंजिनं टेम्पो भरून आलेली. ज्यांनी घरी दोरी ओढून बघितली त्यांचं नुकसान जास्त, कारण आत गाळ असतो आणि तो सिलिंडर ओरबाडतो. प्लग काढायचा, पाणी उलटं करून सांडायचं, ऑइल काढायचं (ते दुधाच्या चहासारखं निघतं), कार्बोरेटर आणि टाकी धुवायची, नवीन ऑइल घालून थोडं चालवून परत काढायचं, स्वच्छ निघेपर्यंत. त्या दिवसांत आम्ही मजुरी निम्मी केलेली, लोकांचं घरदार गेलेलं, तिथं कसले पैसे मागणार.

शिकायचं कसं विचारलंस. डिझेल मेकॅनिक झालायस म्हणजे मापं घ्यायची सवय आहे, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) हातात बसतं, तो मोठा फायदा आहे. फरक इग्निशन (ठिणगी पाडायची यंत्रणा) आणि कार्बोरेटरचा, तो शिकायला लागेल. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर लावायला आम्ही बऱ्याचदा व्हिजिटिंग कार्ड घालतो, बसतं बरोबर. चेनसॉचा क्लच बहुतेक उलट्या आट्यांचा असतो, हे माहीत नसल्यानं नवी पोरं जोर लावून मोडून ठेवतात. क्लच खोलताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातनं सुती दोरी सोड, पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर कधी घालू नको. आणि आपल्याकडं उद्यमनगरची कारखान्यांची वसाहत आहे हे विसरू नको, स्पेअर येत नसेल तर बुश, पिन लेथवर करून मिळते, ही सोय प्रत्येक गावात नसते.

दुकान लगेच टाकू नको. एखाद्या चालू गॅरेजला मेच्या शेवटी जाऊन बस, पगार कमी मिळाला तरी चालेल, आणि दिवाळीपर्यंत थांब. या एका हंगामात सगळ्या जातीची मशीन हाताखालनं जातात. प्रत्येक मशीनचं काय दुखणं होतं आणि कशामुळं झालं ते वहीत लिही. माझी पहिली वही अजून टेबलाच्या खणात आहे, तेलाचे डाग पडलेत, पण अडलं की आजही काढून बघतो.