अंगठा वाकवला की तर्जनीही का वाकते?

तुम्ही विचारलंय की डाव्या अंगठ्याचं टोक वाकवलं की तर्जनीचं टोकही आपोआप वाकतं, उजवीकडे तसं होत नाही, आणि गिटार शिकायला लागल्यापासून मनगटाच्या वर दुखतंय. शीर आखडली असेल का?

शीर नाही, टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी. अंगठ्याचं शेवटचं पेर वाकवणारा स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये, हाडाला चिकटलेला असतो. त्याचं लांब टेंडन मनगटातल्या बोगद्यातून अंगठ्याच्या टोकापर्यंत जातं. तर्जनीचं पेर वाकवणारं टेंडन त्याला अगदी खेटून जातं. काहींच्या हातात जन्मतःच अंगठ्याच्या टेंडनमधून एक फाटा निघून तर्जनीच्या टेंडनला मिळतो, म्हणून अंगठा ओढला की तर्जनीही ओढली जाते. लिनबर्ग आणि कॉमस्टॉक यांनी १९७९ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला पडलंय. हे दुर्मिळ मुळीच नाही. फाटा एकाच हातात असणंही नेहमीचंच.

घरी तपासायचं तर तळवा वर करून हात टेबलावर ठेवा, मनगट सरळ, बोटं सैल पसरलेली. अंगठा करंगळीच्या बुडाकडे न्या आणि टोकाचं पेर पूर्ण वाकवा. लक्ष तर्जनीच्या शेवटच्या सांध्यावर ठेवा. बोट नुसतं बुडाशी हललं तर ती सवय असू शकते, तो पुरावा नव्हे. आता दुसऱ्या हाताने तर्जनी सरळ धरून तेच करा. अंगठा अर्ध्यात अडला किंवा मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला ओढ बसून दुखलं, तर दुखण्याचं मूळ तिथेच असण्याची शक्यता बरीच.

गिटारवर बार कॉर्ड (तर्जनी आडवी ठेवून एकदम अनेक तारा दाबणं) धरताना नेमकं हेच घडतं: तर्जनी ताठ हवी आणि मागून अंगठा टोक वाकवून दाबतोय. म्हणजे एकाच दोरीची दोन टोकं उलट दिशांना. अंगठ्याचं पेर सरळ ठेवून त्याच्या गुबगुबीत भागाने गिटारची मान धरा, पकड हलकी करा, दोन-तीन आठवडे बार कॉर्ड बंद ठेवा. दुखत नसेल तर काहीच उपचार लागत नाही. विश्रांती, मनगटाला आधाराचा पट्टा, सराव बदलूनही दुखणं हटलं नाही तर हँड सर्जनला दाखवा. अंगठा हलवत केलेल्या सोनोग्राफीत दोन टेंडन एकत्र सरकताना दिसू शकतात. फाटा कापण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती शेवटी. बोट जबरदस्तीने ताणून 'मोकळं' करायला मात्र जाऊ नका. फाटा ताणून सुटत नाही, टेंडनच्या आवरणाला सूज तेवढी येते.

एक फरक लक्षात ठेवा. हे लहानपणापासून नसून मनगटाला मार लागल्यावर किंवा हाड मोडून प्लेट बसवल्यावर सुरू झालं असेल, तर टेंडन एकमेकांना चिकटले असू शकतात. आणि अंगठ्याचं टोक वाकेनासंच झालं, तर तो प्रश्न वेगळा: टेंडन तुटलंय की मज्जातंतू दुखावलाय, हे आठवडाभरात दाखवून घ्या.