‘करू देतो’ या शब्दाबद्दल

प्रिय बापू,

तुझा व्हॉट्सॲपवरचा मेसेज तीनदा वाचला. उत्तर कागदावर लिहिते आहे, कारण हे तू सावकाश वाचावंस असं वाटतं.

तू विचारलंस, सहा महिन्यांची रजा संपली, पोरगी सात महिन्यांची झाली, आईचे गुडघे धरले, तर बायकोनं दोन वर्षं नोकरी सोडावी का? त्याच मेसेजमध्ये वर लिहिलंस, ‘मी तिला नोकरी करू देतो, घरात मदतही करतो.’ मला आधी या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

करू देतो. वावरात डवरा धरायला तू कोणाला विचारत नाहीस. तिनं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, रोज सकाळची एसटी धरून तालुक्याला जाते, आणि हे सगळं तू दिलं म्हणून चाललंय असं तुला वाटतं. म्हणूनच आईचे गुडघे दुखले तेव्हा पहिल्यांदा तिची नोकरी आठवली. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. तुझा बाप हात उगारायचा, तू कधी उगारला नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण माझी अपेक्षा तुझ्याकडून त्याहून मोठी आहे.

आरोग्य सेविका म्हणून तीसेक वर्षं मी गावागावांत उंबरे झिजवले. घर कोणाच्या हाती आहे हे ओळखायला मी एकच गोष्ट बघायची, कोणाला विचारावं लागतं? एकदा एका घरी लेकरू तापानं फणफणलेलं. आईजवळ डब्यात पैसे होते, रस्त्यावर ऑटो उभा होता. तरी ती म्हणाली, ‘यायले येऊ द्या, मंग पाहू.’ ‘हे’ पानठेल्यावर. मी ओसरीवर तासभर त्यांची वाट बघत बसले. त्या माणसानं तिला कधी दवाखान्यात जाऊ नको म्हटलं नव्हतं. पण न विचारता जायची तिची हिंमत नव्हती.

माझंही काही वेगळं नव्हतं. पगार माझा, पण पासबुक आणि मी सह्या करून ठेवलेले बँकेचे फॉर्म यांच्याकडे. एकदा चपलेचा अंगठा तुटला, तर सेफ्टी पिन लावून तीन गावं लसीकरण केलं, कारण महिनाअखेर पैसे मागायचं जिवावर आलं. यांनी कधी नाही म्हटलं नसतं. पण स्वतःच्या कमाईतून चप्पल मागायला मला शब्द जुळवावे लागायचे. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितलीच नाही, आणि आता ते नाहीत. म्हणून तुला विचारते, तिचं एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं?

आता तुझी ‘मदत’. तू भांडी घासतोस, पाणी भरतोस, चांगलं आहे. पण वावरातला गडी आणि तू यात फरक काय? गडी सांगितलेलं काम करून संध्याकाळी घरी जातो. रात्री आभाळ भरून आलं की सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायला तू उठतोस, कारण झोपेतही वावर तुझ्या डोक्यात असतं. तसं घर कोणाच्या डोक्यात असतं? पोरीचे लंगोट वाळले का, आईच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, उद्याच्या डब्याला काय? घरात तू अजून गडीच आहेस, बापू. सरकारनं २०२४ साली लोकांचा वेळ कुठं जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आणि हे ८८ सुद्धा फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे.

पोरीपासून सुरुवात कर. तिला वरचं सुरू झालंय, तर मुगाची मऊ खिचडी शिजवून भरवणं हे तुझं काम. नववा महिना भरला की गोवर-रुबेलाची लस असते. ती तारीख तू लक्षात ठेव, कार्ड तू सांभाळ, आणि लसीला एकटा घेऊन जा. तिथं सगळ्या बायाच असतील. कोणी म्हणेल, ‘पोट्टा बायल्या झाला.’ म्हणू दे. ज्यांनी माझ्यासमोर लेकराला मांडीवर धरून सुई टोचून घेतली असे बाप मी फार थोडे पाहिले, आणि त्यांची लेकरं रडताना बापाच्याच गळ्यात पडायची. तुझ्या वाट्याला ते यावं असं मला मनापासून वाटतं.

नोकरी तिनं सोडू नये. यंदा मृगाला बियाण्याच्या बॅगा तिच्या पगारातून आल्या, हे तूच लिहिलंस, आणि ते लिहिताना तुला खाली बघावं लागलं हेही मला कळलं. कापसाचा भाव ठरवणं तुझ्या हाती नाही, पाऊसही नाही. मग त्यात लाज कसली? तू सकाळचं वावर लवकर उरकून ये, दुपारी शेजारच्या एखाद्या बाईला रीतसर पैसे देऊन बसव, आणि ते पैसे दोघांच्या कमाईतून जाऊ देत. ‘तिच्या पगारातून परवडत नाही’ हा हिशोबच चुकीचा आहे, पोरगी तिच्या एकटीची नाही.

आईला मात्र गृहीत धरू नकोस. पोळ्याच्या आदल्या दिवशी तू बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतोस. चाळीस वर्षं वाकून कापूस वेचलेल्या त्या बाईची कंबर कोणी शेकली? तिला आता नात खेळवू दे, उचलायला लावू नकोस.

सातबाऱ्याचं सांगायचं राहिलं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या यवतमाळात ज्या घरांतल्या कर्त्यानं जीव दिला, तिथं मी पुढं कित्येक महिने जायची. वीस-वीस वर्षं त्याच वावरात निंदण केलेली बाई, आणि दीर म्हणतो, ‘तुह्यं इथं काय हाय?’ कायद्यानं ती वारस असते, पण नोंद होईपर्यंत चकरा मारून ती थकते, आणि नोंद नाही तोवर बँकेच्या लेखी ती शेतकरीच नसते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, आणि शेतकऱ्यांनी आपण हयात असतानाच बायकोच्या नावे जमीन केली. आजही अर्ज देऊन पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तुझ्या तीन एकरांवर तिचं नाव लाव. त्याआधी फेरफाराची नोंद तलाठ्याकडून काढून बघ, बाप गेल्यावर आईचं नाव लागलं का, बहिणींकडून हक्कसोडपत्र कसं घेतलं. मुलींचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मान्य केला, देशानं २००५ मध्ये. त्या बहिणींनी राखीच्या दिवशी सही केली असेल तर तेही मला सांग.

आणि एक. मुलं पुरे असं दोघांनी ठरवलं की नसबंदी तू कर. शिबिरात सतरंजीवर ओळीनं निजलेल्या बाया मी आयुष्यभर पाहिल्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी ३७.९ टक्के जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं आहे, नवऱ्याचं झालेल्या फक्त ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, सोपी असते. कमजोरी येते, बैल धरता येत नाहीत, ही निव्वळ अफवा आहे.

सातबारा आणि आठ-अ घेऊन रविवारी ये, अर्ज आपण बसून लिहू. तिला त्या दिवशी निवांत झोपू दे. पोरीला सोबत आण, आणि तिची खिचडी, पाणी, जादाचे कपडे, सगळं तूच भरून आण, तिला न विचारता.

तुझी,
सिस्टरबाई